डॉक्टरसाहेबांची खुडूक कोंबडी

गोंडपिपरीकडच्या आमच्या सरकारी दवाखान्यात पन्नासच्या दशकात औषधं कधी वेळेवर आली नाहीत. किस्से मात्र न मागता यायचे! मी तिथे कंपाउंडर. आज ते सांगायला घेतले, की हसता हसता मध्येच थांबायला होतं.

आमच्या डॉक्टरसाहेबांचा पहिला मुलगा दूध पिता पिता घामाने भिजायचा, कळवळून रडायचा. तान्हाच गेला. नागपूरला शवविच्छेदनात कळलं, हृदयालाच रक्त पुरवणारी एक वाहिनी भलत्या जागी जोडली गेली होती. पुढे साहेबांच्या पत्नीला, आमच्या बाईंना, पुन्हा दिवस गेले. त्यांनी साहेबांना एवढंच विचारलं, "हेही तसंच होईल का?"

साहेबांनी खुडूक कोंबडी मागवली!

*

हृदय कसं घडतं ते साहेबांना अंड्यात बघायचं होतं, म्हणून कोंबडी औषधांच्या खोलीत टोपलीत अंडी उबवत बसली. तिच्याखालचं अंडं काढायचं, कवचाला खिडकी पाडायची आणि भिंगातून बघायचं. आत एक लाल ठिपका धडधडताना दिसला तेव्हा आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने भिंगाला डोळा लावला.

साहेब म्हणाले, "हृदय आधी चालू होतं. त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या मागाहून येतात."

आमच्या नर्स ताराबाई म्हणाल्या, "म्हंजे पगार नाई, तरी ड्यूटी सुरू!"

साहेब कितीतरी दिवसांनी हसले.

*

जिल्ह्याचे मोठे साहेब इन्स्पेक्शनला आले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "हा दवाखाना आहे की खुराडं?"

आमचे साहेब म्हणाले, "सर, हिवतापासाठी क्विनीन मागितलं, ते आलं नाही. कोंबडी मागितली, ती आली!"

शेरा काय पडला असेल ते सांगायला नको.

*

लेकरासाठी डॉक्टर अंडी फोडतात, ही बातमी जंगलातल्या गावांत पोचली. साहेबांनी तापातून उठवलेले चैतूभाऊ मुद्दाम चालत आले. साहेब बाहेरगावी, मी ड्रेसिंगमध्ये अडकलेलो. बाहेर येऊन बघतो तर टोपली रिकामी, आणि मोहाच्या झाडाखाली आमची कोंबडी देवाला बळी चढलेली!

साहेब परतले तेव्हा चैतूभाऊंचा चेहरा आनंदाने फुलला होता. "अंडे फोडून काय होते, साहेब? देवाले कोंबडी लागते. मी बोलून ठेवलं, आता लेकरू वाचते."

साहेबांनी गार पडलेली अंडी हातात घेऊन पाहिली. मग चैतूभाऊंना हात जोडले.

*

ताराबाईंनी एकदा विचारलंच, "एवढं पाहून समजलं काय, साहेब?"

"कसं घडतं ते थोडं समजलं. बिघडलं तर काय करायचं, ते नाही."

मला त्या भिंगाचा इतका राग आला, की फेकून द्यावंसं वाटलं.

*

मुलगी झाली. गोरीगोमटी, आवाज खणखणीत! दोन महिने आम्ही सगळे तिच्याकडे चोरून बघत होतो.

पौषातली सकाळ. मी स्वेटर घालूनही कुडकुडत होतो, बाईंच्या खोलीतली शेगडी अजून पेटायची होती. बाई पाजायला बसल्या. साहेबांना बघवेना. ते पडवीत पाठ फिरवून उभे राहिले आणि ताराबाईंना आत पाठवलं.

"पिते का?"

"पिऊन राह्यली, साहेब."

"रडते?"

"नाई."

"कपाळाला हात लावून बघा."

दारातून मला दिसत होतं. ताराबाईंनी हात लावला. मग तोच ओला हात हळूच लुगड्याला पुसला.

"शेगडी जवळ हाय न, साहेब," त्या म्हणाल्या.