तक्रारीआधीचा चहा

आमच्या थ्रेशरबद्दल कोणाची तक्रार नव्हती, आणि आमचा थ्रेशर कोणी घेतही नव्हतं. नवऱ्याला अर्धांगवायू झाला, त्याची वाचा गेली आणि पिंपळगाव राजाजवळचं आमचं वर्कशॉप माझ्या गळ्यात पडलं, तेव्हाची ही अवस्था. आदल्या साली बनवलेले थ्रेशर शेडमध्ये तसेच उभे होते आणि त्यांच्यात चिमण्यांनी घरटी केली होती. हरभऱ्याच्या मळणीचा हंगाम असाच गेला तर शेडला कुलूप लागणार, हे मला कळत होतं, कामगारांना कळत होतं, आणि अंथरुणावरून माझ्याकडे टक लावून बघणाऱ्या नवऱ्यालाही कळत होतं. मी सकाळी देवाला शिव्या द्यायचे आणि संध्याकाळी त्याच्याच पाया पडायचे.

कामगारांना गोळा करून मी भाषणं केली. गिऱ्हाईक म्हणजे देव, त्याचं ऐका. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"वहिनी, आपण कोणाले बिनाचहाचं जाऊच देत नाही," आमचा जुना मिस्त्री अभिमानानं म्हणाला.

ते खरं होतं. कुणी तणतणत आला, की मिस्त्री खुर्ची पुसायचा, चहा सांगायचा, लेकराबाळांची विचारपूस करायचा. आलेला माणूस कप खाली ठेवता ठेवता "बरं, निघतो" म्हणायचा. देवाला नैवेद्य दाखवला, की तोही काही बोलत नाही.

मग बाजारात एक जुनं गिऱ्हाईक भेटलं. त्यानं थ्रेशर दुसरीकडून घेतला होता.

"आमच्याकडं तं आले होते तुम्ही. मंग बोलले काऊन नाही?"

"चहा पेल्यावर काय बोलाव, बाई? ज्याच्या घरचा चहा पेला, त्यालेच शिव्या देऊ?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार देत होतो आम्ही, तोही साखर घालून. घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं होतं.

दुसऱ्या दिवशी फर्मान काढलं. गिऱ्हाईक पूर्ण बोलेपर्यंत चहा नाही. तो बोलेल तेव्हा सगळ्यांनी हातातलं काम ठेवून ऐकायचं, आणि सगळ्यांत पुढे मी उभी राहणार. शेडमध्ये सुतक पडल्यासारखं झालं. दारी आलेल्याला चहा न विचारणं म्हणजे आमच्याकडे वैर.

"लोकं थुंकतीन आपल्यावर," मिस्त्री म्हणाला.

"थुंकू द्या. निदान तोंड तरी उघडतीन."

थोड्याच दिवसांत संग्रामपूरकडचा एक शेतकरी आला. बसला. चहाच्या स्टोव्हकडे बघत राहिला. मग ताडकन उठला.

"आता चहाले बी मोहताज केलं का? एक तं तुमच्या मशीनीनं माह्या हरभऱ्याची वावरातच डाळ करून टाकली! दरवेळी आलो, की चहा पाजून वाटेला लावता!"

तो बराच वेळ बोलला. मिस्त्रीची मान खाली गेली होती. आमच्यासारखा जोरात फिरणारा ड्रम कोणाचा नाही, असं तो सगळ्यांना सांगत असे, आणि तोच ड्रम दाणा फोडत होता. शेतकऱ्याचं बोलून झालं तेव्हा मी स्वतः कप नेला.

"मशीन नीट होऊ द्या, मंग पाहू," तो म्हणाला आणि कपाला हातही न लावता गेला. मला सगळ्यांसमोर रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही त्याच्या शेतावर गेलो. मिस्त्रीनं पुली बदलून ड्रमचा वेग कमी केला. हरभरा अख्खा पडायला लागला. शेतकऱ्यानं मूठभर दाणे तळहातावर फिरवून पाहिले, "ठीक आहे" म्हणाला. बांधावर त्याच्या बायकोची चूल पेटलेली होती, पण चहा कोणी विचारला नाही.

परतताना गाडीत मी खिडकीबाहेर बघत बसले. हेही गिऱ्हाईक गेलं, आता कुलूप घ्यायचं तेवढं राहिलं, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात मिस्त्री बोलला.

"वहिनी, त्यानं चहा नाही इचारला."

"नाही."

"म्हंजे त्याचं अजून काही सांगाचं राह्यलं असन. मी उद्या परत जातो, ऐकून येतो."