कॉकपिटमधला तोंडी हॉर्न

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट असेल. मी नवा को-पायलट, अंधेरीला मरोळमध्ये राहायचो. नोकरी पक्की व्हायची होती ती एका कॅप्टनसाहेबांच्या शेऱ्यावर. साहेब मुलुंडचे. क्रूची गाडी त्यांना घेऊन घाटकोपरवरून यायची आणि मला मरोळ नाक्यावर उचलायची.

चिपळूणच्या शाळेत मी हेडमास्तरांपासून घंटा वाजवणाऱ्या शिपायापर्यंत सगळ्यांच्या नकला करायचो. खोड काही गेली नव्हती. त्या दिवशी साहेब गाडीत डोळे मिटून बसलेले. ड्रायव्हर हळूच म्हणाला, साहेबांची कर ना. मी त्यांची विमानातली अनाउन्समेंट केली, पूर्ण नाकातून, एकदम झकास. डोळे मिटलेला माणूस जागाही असतो, हे मला एअरपोर्टच्या गेटपाशी कळलं. साहेब माझ्याकडे बघून फक्त "चला" म्हणाले. लागली वाट.

त्यात विमानही आजारी. ऑटोपायलट बंद. आणि ठरलेली उंची जवळ आली की वाजतो तो हॉर्न, तोही मुका. इंजिनियरने दोन्हींवर 'बंद' लिहिलेल्या पट्ट्या चिकटवलेल्या. नियमात बसत होतं, म्हणजे जायचं. नागपूरला जाऊन परत, सगळं हाताने.

साहेबांनी वाटणी केली. "हात माझे, तोंड तुझं. रेडिओ तू, हवामान तू, हॉर्नपण तूच. नकला येतात ना तुला?"

टोमणा कळला, पण काम ते काम. जाताना उंची जवळ आली की मी "ट्यूंऽऽ" करायचो आणि साहेब इस्त्री केलेल्या चेहऱ्याने विमान सरळ करायचे.

येताना मुंबईजवळ ढग लागले. विमान हलत होतं, साहेबांचा शर्ट पाठीला चिकटलेला. कंट्रोलरने सांगितलं, आठ हजार फुटांवर थांबा, तुमच्या खालून दुसरं विमान जातंय. लगेच पुढचं, वळा, वेग कमी करा. त्याचा प्रत्येक शब्द रेडिओवर परत म्हणून दाखवायचा असतो. मी म्हणतोय आणि इकडे उंचीचा काटा आठ हजारांकडे पळतोय. तोंड एक, गिऱ्हाइकं दोन. मी वाक्य अर्धं टाकलं आणि हॉर्न वाजवला, जीव खाऊन. साहेबांनी विमान आठ हजारांवर बरोब्बर धरलं.

फक्त रेडिओचं बटण माझ्या अंगठ्याखाली दाबलेलंच होतं.

कंट्रोलर विचारतो, तुमच्या विमानात काय वाजतंय?

साहेबांनी त्याला शांतपणे सांगितलं, "आमचा को-पायलट."

खाली उतरल्यावर ते इंजिनियरला म्हणाले की ऑटोपायलटचं उद्या बघा, पण हॉर्न आजच करा, हा पोरगा फार दचकवतो.

परतीच्या गाडीत साहेब पुन्हा डोळे मिटून. ड्रायव्हरने आरशातून मला खूण केली. मी मान हलवली, नाही बाबा.

"कर रे," डोळे न उघडता साहेब म्हणाले. "शेरा चांगला देणार आहे तुला. पण ते नाकातलं काढून टाक. मी नाकात बोलत नाही."

हेसुद्धा ते नाकातच बोलले.