परक्या भिंतीला पटलेलं माप

शिवणकाकूंनी आयुष्यात कुणाची फुकटची सुईसुद्धा घेतली नव्हती. लेकीच्या बाळंतपणाला परदेशात आल्या खऱ्या, पण तिकीट जावयानं काढलेलं, ते त्यांना रोज टोचायचं. म्हणून नातीला बाबागाडी घ्यायची ती आपल्या शिलाईच्या पैशातून, हे त्यांनी पक्कं केलं होतं.

गाडी मिळालीही. कोपऱ्यावरच्या जुन्या सामानाच्या दुकानात, निळी. काकूंनी ती कुणाची शिवण तपासावी तशी उलटीपालटी करून पाहिली. दुकानदारीण रोखीशिवाय ऐकेना. संध्याकाळपर्यंत ठेवते, म्हणाली. काकूंच्या खात्यात जेमतेम गाडीपुरते पैसे उरले होते, आणि मेख तिथेच होती.

गावाहून निघताना बँकेतल्या बाईंनी कार्ड परदेशासाठी चालू करून देताना बजावलं होतं, "काकू, इथल्यासारखे आज थोडे, उद्या थोडे काढू नका. तिकडे दर खेपेला पैसे कापतात." काकूंनी मान डोलावली होती. पण चोरानं नेलेच तर थोडेच न्यावेत म्हणून थोडे थोडे काढायची जन्माची सवय, ती जाते कुठे! इथे आल्यावर वाण्याच्या दारातल्या पैशाच्या यंत्रातून त्यांनी दोनदा चिल्लर खर्चापुरते काढले आणि दोन्ही वेळा कात्री लागली.

"मी देतो ना, आई," जावई म्हणाले.

"तुम्ही बाळापाशी बसा," काकू म्हणाल्या आणि चपला घातल्या.

लेकीनं दारातून सांगितलं, "आई, बँकेच्या भिंतीतलंच यंत्र बघ, तिथे कमी कापतात. सगळे एकदाच काढ. आणि आपल्या पैशात हिशेब करून देऊ का, असं त्यानं विचारलं तर नाही म्हण, त्यात भाव महाग लावतात."

भिंतीपुढे उभं राहून काकूंनी कार्ड सरकवलं आणि त्याचे गुप्त आकडे दाबले. आधी छाती, मग बाही. नवऱ्याच्या सदऱ्याचं माप. ते जाऊन किती वर्षं झाली, पण शिंप्याच्या घरात माणूस जातो, माप राहतं. त्या माणसानं कधी गावाची वेस ओलांडली नव्हती. समुद्र तर चित्रातच पाहिलेला.

आणि त्या परक्या भिंतीला ते माप पटलं!

काकू थक्क झाल्या. कुठलं गाव, कुठली भिंत! काजं करून, काठ दुमडून साठवलेला पैसा सातासमुद्रापलीकडे पडलेला, आणि त्यातले आपले किती हे या भिंतीला ठाऊक. त्यांना हात जोडावेसे वाटले.

तेवढ्यात पडद्यावर आपल्याकडच्या पैशाची खूण उमटली, पुढे आकडा. काकूंच्या जिवात जीव आला. इतक्या दिवसांत ओळखीचं काहीतरी भेटलं होतं. बोट 'हो'कडे निघालंसुद्धा, आणि त्यांना दोऱ्याचा व्यापारी आठवला. "वहिनी, तुम्ही आपल्या म्हणून हा भाव," असं म्हणायचा मेला, आणि दर वेळी बाजारापेक्षा महाग द्यायचा.

"आपलेपणा दाखवतोस होय रे!" काकू भिंतीला म्हणाल्या आणि 'नाही' दाबलं.

यंत्र गप्प झालं. रुसलं की काय! मग आत घरघर झाली आणि नोटा बाहेर आल्या, गाडीला पुरतील एवढ्या. काकूंचे डोळे भरून आले. "अहो, तुमच्या मापानं काम केलं हो," त्या हळूच म्हणाल्या.

गाडी ढकलत त्या घरी आल्या तेव्हा लेक दारातच होती.

"जमलं? आकडे आठवले?"

"तुझ्या बाबांचा सदरा विसरेन होय मी!"

लेकीला कळायला क्षण लागला. मग तिनं गाडीच्या दांड्यावर हात ठेवला आणि तो तिथून काढलाच नाही. बाबांनी नात पाहिली नव्हती.

काकूंनी गळ्यातली टेप काढून बाळाच्या छातीला लावली, मग इवल्याशा हाताला.

"हिचं माप कार्डाला ठेवतेस की काय?" लेक डोळे पुसत हसली.

"छे गं," काकू म्हणाल्या. "हिचं रोज वाढणार. कार्डाला त्यांचंच बरं. ते आता बदलत नाही."