हंड्यावरची लक्ष्मी

आमच्या दुल्हाभाईंइतका, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका हेकट माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात झाला नाही, आणि होऊही नये. धंदा शिंप्याचा आणि वैर चित्रांशी! आपल्या इस्लामात मना आहे म्हणून सजीवाचं चित्र वापरायचं नाही, हा त्यांचा कायदा. काडेपेटी आणली की आधी तिच्यावरच्या घोड्याचं मुंडकं नखानं खरवडायचं, मग विडी पेटवायची. मुंडकं गेलं की चित्र निर्जीव, मग चालतं म्हणे. दारात वाघाची सतरंजी मात्र खुशाल अंथरलेली, कारण पायाखालच्या चित्राला मुभा. पाहुणा आला की म्हणायचे, "कडेला नको, वाघाच्या तोंडावर बसा." मी एकदा विचारलं, "आणि नाण्यावरचे सिंह?" तर म्हणे, "ती मजबुरी." वा रे कायदा! सिंह खिशात सुखरूप, बिचारा घोडा ठार.

एका हौशी नवरदेवानं पोपटांच्या छापाचं कापड बुशशर्टासाठी टाकलं. यांनी ते असं बेतलं, की दिसेल तो पोपट मानेपासून शिवणीत. नवरदेव बोंबलला, "मास्तर, माझ्या पोपटांची मुंडकी कुटं गेली वो?" हे शांतपणे म्हणाले, "आहेत की आत. उसवून बघ."

माझी बहीण बाळंतपणात गेली. मागं राहिलेली पोर शेजारच्या सगुणाआक्कांनी वाढवली. मोठ्या दुष्काळाच्या साली त्या पोरीचं लग्न ठरलं, तेव्हा आक्कांनी नगरहून तांब्याचा कोरा हंडा आणला. त्याच्या पोटावर कोरलेली कमळातली लक्ष्मी. "माज्या लेकीला माज्याकडनं," म्हणाल्या. झाली का पंचाईत! घ्यावा तर कायदा मोडतो, परत करावा तर जिनं पोर जगवली तिला तोंड कसं दाखवायचं?

हंडा ओसरीवर पडून राहिला. दुल्हाभाईंना जेवण जाईना. मी टोमणा मारला, "खरवडा की नाकडोळे, घोड्याचे खरवडता तसे." माणूस अंगावरच आला. "तिची देवी आहे ती! काडेपेटी नाही."

शेवटी आक्काच आल्या. "भाऊ, मला ठावं हाय तुमचं. खुशाल खरडा. पोरीला पानी भरायचं हाय, माजी लक्ष्मी न्हाई रागवायची."

दुल्हाभाईंनी हंडा दोन्ही हातांनी उचलला, आक्कांच्या घरी नेला आणि उंबऱ्याआत ठेवला. "आक्का, ही तुमच्या घरी राहू द्या. मला तुमची ती जुनी घागर द्या, जिच्यातल्या पाण्यानं पोरीला न्हाऊ घातलंत."

"अवो, लग्नात पोचे पडलेली घागर कुनी देतं व्हय?"

"मी मागतोय, आक्का."

आक्कांनी पदर डोळ्यांना लावला आणि चिंच घेऊन घागर घासायला बसल्या. लग्नात व्याह्यांनी नाकं मुरडली, पण हे ढिम्म.

आता आक्का नाहीत, दुल्हाभाईही नाहीत. भाचीकडं गेलो की ती त्याच घागरीतलं पाणी देते. मी म्हणतो, "टाक गं ती, गळते." ती म्हणते, "मामू, माझ्या आईची आहे." बहीण गेली तेव्हा ती तान्ही होती, म्हणून कुठली आई हे मला विचारावं लागत नाही. आणि त्या हेकट माणसाची फार आठवण येते.