एम्बॅरस्ड म्हणजे नक्की काय, हे सांगायला धानोऱ्याला

गडचिरोलीला जायचं ठरलं ते एका इंग्रजी शब्दामुळे.

वनिता माझी चंद्रपूरच्या होस्टेलवरची रूममेट. मी वरोऱ्याची, ती धानोऱ्याकडच्या एका खेड्यातली. आता ती तिथेच शाळेत इंग्रजी शिकवते आणि मी पुण्यात नोकरी करते. मागच्या उन्हाळ्यात ती आईला घेऊन न कळवता माझ्या ऑफिसात आली. मावशी, म्हणजे तिची आई, आमच्या रिसेप्शनच्या गालिच्यावर चपला काढून उभ्या होत्या. सहकाऱ्यांनी विचारलं, कोण? मी म्हणाले, "गावाकडच्या ओळखीच्या आहेत." नंतर वनिताला मेसेज केला, सॉरी, आय वॉज एम्बॅरस्ड. कित्येक महिन्यांनी तिचं उत्तर आलं: "म्हणजे काय? इथी येऊन मराठीत सांग."

म्हणून डिसेंबरात निघाले. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीची एसटी घ्या. बायकांना अर्धं तिकीट आहे. शहर सुटलं की सागवान आणि बांबू सुरू होतो. मूलच्या स्टँडवर गाडी थांबते, चहा तिथेच घ्यावा. पुढे दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे पुंजणे, म्हणजे रचलेले ढीग, मग वैनगंगेचा पूल. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या गाड्या कमी, त्यामुळे सकाळी निघालेलं बरं. वाटेत फोनची रेंज गेली आणि मी शब्द जुळवत बसले. लाज वाटली म्हणावं तर कोणाची? संकोच म्हणावं तर फारच सौम्य. ओशाळले? पण ओशाळलेला माणूस खोटं कशाला बोलेल?

फाट्यावर वनिता स्कूटी घेऊन उभी होती. हसली, पण बोलली रस्त्याबद्दलच. सगळी दुपार तिनं मला शाळा दाखवली, गावामागचं तळं दाखवलं. विषय काढला नाही. ती रागावली आहे की विसरली आहे, मला काही कळेना.

संध्याकाळी ओसरीवर मावशी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होत्या. आम्हीही बसलो. अखेर वनितानंच विचारलं, "हं, सांग. काय झालं होतं तुले?"

मी सुरुवात केली. अवघडल्यासारखं झालं, म्हणजे संकोच, म्हणजे तसं नाही...

"काय बोलून राह्यल्या तुमी?" मावशींनी विचारलं.

"एक इंग्रजी शब्द हाय, आई. चारचौघात आपल्याले अवघड होते न, कुठी तोंड लपवू असं वाटते, ते."

मावशींचा हात थांबला. "मंग ते मले झालं होतं. पुण्याले. हे पोरगी त्या लोकाइले आपली ओळख सांगून राह्यली होती, अन् तिले सांगताच नाई येत होतं. मले वाटलं, आपण काऊन आलो? पोरीले उगाच अडचणीत टाकलं."

मी वर बघू शकले नाही. वनितानं हळूच विचारलं, "अन् तुले?"

"मला तुमची लाज वाटली," मी म्हणाले. "तेव्हा तुमची. आता माझी."

मावशी म्हणाल्या, "हाव, होते तसं," आणि सोललेले दाणे घेऊन आत गेल्या. रात्री गरम भात, पोपटाची भाजी आणि जवसाची चटणी होती. मला दोनदा आग्रह झाला. तो पाहुणीला होता की घरच्या माणसाला, ते मला ओळखता आलं नाही.

सकाळी वनितानं फाट्यावर सोडलं. "तुह्या शब्दात आईचं अन् तुह्यं, दोन्ही येते का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "मले बी नाई. पोराइले काय शिकवू आता?"

पुण्यात येऊन डिक्शनरी काढली. अर्थ बरेच दिले आहेत. पण एकाची लाज दुसऱ्यानं आपल्या अंगावर घेतली, तर त्याला काय म्हणतात, ते सापडलं नाही. वनितानं मला माफ केलं का, हेही अजून ठाऊक नाही. बॅग रिकामी करत होते तेव्हा तिचा मेसेज आला: "आई विचारून राह्यली, पोचली का?"