सहा नंबरचं घड्याळ

माझं संशोधन मुळात उन्हाचं होतं. रत्नागिरीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी बरीच वर्षं शिकवते आहे. मुलगी बारावीतून सुटली तेव्हा, चाळिशी उलटल्यावर, पीएचडीला नाव घातलं. विषय असा की सौर पॅनेलमधून उद्या किती वीज मिळेल, हे संगणकानं आज सांगायचं. मागच्या नोंदी त्याला दाखवत राहायचं, म्हणजे तो त्यातून शिकतो. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्याकडे मार्च-एप्रिलात सकाळी लख्ख ऊन असतं आणि दहाच्या सुमाराला समुद्रावरून मळभ येतं. ते कधी तासाभरात विरतं, कधी दिवसभर डोक्यावर बसून राहतं. ते मळभ आधी ओळखता यावं, एवढ्यासाठीच माझी दोन वर्षं गेली.

पॅनेल होती माझ्या मोठ्या दिरांच्या बागेत. गणपतीपुळ्याच्या रस्त्याला, कातळावर, त्यांची हापूसची कलमं आहेत. बागेत मांगर आहे, म्हणजे सामानाचं आणि आंबा भरायचं छोटं घर. त्याच्या छपरावर पॅनेल आणि त्यांच्या शेजारी माझं ऊन मोजायचं यंत्र. खाऱ्या हवेनं त्याच्या काचेवर थर बसायचा. तो पुसायला मी दर शनिवारी स्कूटरवरून जायची. भाऊजी सरळ माणूस. बँकेतली नोकरी वेळेआधी सोडून त्यांनी बाग सांभाळली. माझ्या त्या यंत्राचं त्यांना कौतुक होतं. कोणी आलं की मुद्दाम वर नेऊन दाखवायचे.

विद्यापीठातले माझे मार्गदर्शक दुसऱ्या शहरात, त्यामुळे बोलणं बहुतेक व्हिडिओवर. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ते म्हणाले की विजेचा अंदाज आता बरेच जण काढतात, त्यात नवं फारसं उरलेलं नाही. उन्हाचा अंदाज हाताशी आहेच, तर त्याच उन्हाचा राबणाऱ्या माणसांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो ते जोडा, आरोग्याचा भाग आला की प्रबंधाला वजन येईल. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मी हुरळून गेले. यंत्रापलीकडे कोणाच्या तरी उपयोगी पडेल असं काहीतरी आपल्या हातून होणार, असं वाटलं.

भाऊजींच्या बागेत हंगामात नऊ बायका कामाला असायच्या. गडी झेल्यानं, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या लांब काठीनं, आंबा उतरवायचे आणि बायका भरलेले क्रेट डोक्यावरून मांगरात आणायच्या. विद्यापीठाकडून मनगटावर बांधायची घड्याळं मिळाली होती, नाडीचे ठोके मोजणारी. मी नऊ घड्याळं नेली. कोणाचं कुठलं ते कळावं म्हणून पट्ट्यावर नेलपॉलिशनं आकडे घातले. एक मराठी अर्ज तयार केला होता. तो मांगराच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की तुमची माहिती कोणालाही सांगितली जाणार नाही. कोणी सही केली, कोणी अंगठा दिला.

सहा नंबरचं घड्याळ ज्यांच्या हातात होतं त्यांना मी मावशी म्हणायची. पन्नाशी ओलांडलेल्या, काटक, खाडीच्या बाजूच्या वाडीत राहणाऱ्या. भाऊजींच्या बागेत त्या सगळ्यांत जुन्या. कुठल्या कलमाला आधी आंबा तयार होतो हे भाऊजीसुद्धा त्यांना विचारायचे. घड्याळ बांधताना त्यांनी हात पुढे केला आणि एवढंच विचारलं, की हे भिजलं तर चालेल ना. मी चालेल म्हटलं.

तीन आठवड्यांनी चित्र उमटायला लागलं. आठ जणींचे ठोके ऊन चढेल तसे चढायचे आणि सावलीत उतरायचे. मावशींचे मात्र सकाळपासूनच वर असायचे आणि दुपारी इतके जायचे की संगणकानं त्यांच्या ओळीवर लाल खूण केली. उद्या कडक ऊन असेल असा अंदाज आला की त्यांच्यापुढे धोका असं लिहून यायचं. मी खूश झाले. त्यांच्या तब्येतीवर नव्हे, त्या लाल खुणेवर. आपण शिकवलेलं संगणकाला कळतंय, हे पहिल्यांदाच इतकं स्वच्छ दिसत होतं.

त्या शनिवारी मांगरात जेवायला बसलो होतो. काय म्हणतोय तुझा कम्प्युटर, असं भाऊजींनी विचारलं आणि मी लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे धरला. नावं नव्हतीच, नुसते आकडे. मी त्यांना समजावून सांगितलं की एकीच्या ठोक्यांचं प्रमाण फार वर जातंय, कडक उन्हात तिला धोका आहे, आणि हे आपल्याला आदल्या दिवशीच कळतंय. त्यांनी वाकून लाल खुणेपुढचा आकडा वाचला. मग म्हणाले, चांगलं काम करते आहेस. मी त्या शाबासकीतच घरी आले. पट्ट्यावरचे आकडे मीच गुलाबी रंगात घातले होते आणि ते बागेत कोणालाही दिसत होते, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पुढच्या शनिवारी मावशी दिसल्या नाहीत. बायकांना विचारलं तर त्या क्रेट उचलून पुढे गेल्या. शेवटी एकीनं खाली बघतच सांगितलं, "तिला भाऊंनी नको सांगितलान."

भाऊजी मांगराच्या मागे पाइप जोडत होते. मी विचारलं तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं. काही लपवायचं आहे असं त्यांच्या मनातही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या बागेत एक गडी भर दुपारी कलमाखाली पडला तो उठलाच नाही, त्याची त्यांनी मला आठवण करून दिली.

"तूच म्हणालीस धोका आहे," ते म्हणाले. "कळून सवरून मी तिला उन्हात कशी घालू? उद्या काही झालं असतं तर तू मला काय म्हणाली असतीस?"

मी म्हटलं, सावलीतलं काम द्या, आंबा निवडायला बसवा. त्यांनी सांगितलं की निवडायला तिघी आहेत, त्यातल्या एकीला उठवू का. मावशींच्या जागी दुसरी बाई आलीही होती. मला रागावायचं होतं, पण राग भाऊजींवर टिकेना. ते माझीच वाक्यं मला परत सांगत होते.

तशीच स्कूटर घेऊन मी मावशींच्या वाडीत गेले. घरी सून होती. तिनं पाणी दिलं, बसा म्हणाली, पण तिचं बोलणं तुटक होतं. सासू जेटीकडे मासळी वाळवायला जाते, असं तिनं सांगितलं. हंगामाच्या मध्यावर दुसरी बाग मिळेना. भाऊंनी काढलं तर काहीतरी असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं.

जेटीपलीकडे मोकळ्या जागेत जाळी अंथरून बोंबील आणि बांगडे पसरले होते. बागेत निदान कलमांची सावली असते. इथे डोक्यावर काही म्हणून नव्हतं. खाली सिमेंट तापलेलं, वर एप्रिलचं ऊन. मावशी पदर डोक्याला गुंडाळून वाकून मासळी उलटत होत्या. धोक्याची सूचना मी दिली होती आणि तिचा परिणाम असा झाला होता की बाई सावलीतून उठून उन्हात आली होती.

मला बघून त्या उभ्या राहिल्या. मी माफी मागायला सुरुवात केली, ती त्यांनी हातानंच थांबवली. त्यांना भांडायचं नव्हतं. फक्त एक गोष्ट स्पष्ट करायची होती.

"वैनी, तुमचा घड्याळ खोटा नाय बोलला," त्या म्हणाल्या. "माज्या आंगात कसर हाय, चार म्हयने झाले. पन ती उनाची नाय."

मी विचारलं, मग कशाची.

त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली केला. "मी सकाळी घरातना निघताना पानी पीत नाय. बागेत तर नायच नाय. कातळावर आडोसा कुठं हाय? एवढे गडी फिरतात. सांजच्याला घरी गेलंव की मग पितंय. लघवीला जळजळता, ताप येता, जाता."

"मावशी, मला का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलाव नाय," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता.

माझ्या अर्जात वय होतं, वजन होतं, झोप किती, मिश्री लावता का, रक्तदाब आहे का, सगळं होतं. पाणी किती पिता आणि लघवीला कुठे जाता, हे नव्हतं. मीही त्याच बागेत दर शनिवारी जायची. मला लागलं तर स्कूटर काढून भाऊजींच्या घरी जाऊन यायची. दहा मिनिटांचं काम. त्यामुळे तो प्रश्नच मला पडला नव्हता.

दोन दिवसांनी मी त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.  डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तपासण्या करून सांगितलं की लघवीच्या मार्गात जुना जंतुसंसर्ग आहे, रक्तही कमी आहे, ठोके वाढलेले असणारच. आणखी अंगावर काढलं असतं तर मूत्रपिंडावर गेलं असतं. औषधं दिली, भरपूर पाणी प्यायला सांगितलं. मावशींनी मान हलवली. बाहेर आल्यावर त्या पायरीवर थांबल्या आणि जेटीवर तरी कुठं सोय आहे, एवढंच म्हणाल्या. 

मार्गदर्शकांना मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. संगणकाजवळ उन्हाखेरीज दुसरी माहितीच नव्हती, त्यामुळे त्यानं दोष उन्हावर टाकला, हे त्यांच्याही लक्षात आलं. पण त्यांचा सल्ला असा की त्या बाई आधीपासून आजारी होत्या, तेव्हा ती एक नोंद वगळा, बाकी आठ जणींवर निष्कर्ष उत्तम येतात. त्यात चुकीचं काही नव्हतं, संशोधनात असं करतात. मी दोन दिवस त्यावर विचार करत काढले. सहावी ओळ पुसून बघितली. आलेख खरंच सुंदर दिसत होता. मी ती ओळ परत घातली.

पण तो प्रश्न माझ्या हातात राहिलाच नाही. त्या आठवड्याच्या नोंदी आल्या त्यात ठोकेच नव्हते. मला वाटलं यंत्रं बिघडली. बागेत गेले तर आठही घड्याळं मांगरात एका स्टीलच्या डब्यात नीट ठेवलेली. सकाळी येताना घालायची, भाऊजींनी बघितलं की काढून डब्यात ठेवायची, असं बायकांचं ठरलं होतं. मी विचारल्यावर कोणी खोटं बोललं नाही. एक जण म्हणाली की हातात घाम येतो. दुसरी म्हणाली, आमच्यातल्या एकीचं काम गेलं, आम्हाला भीती वाटते. मी डबा उचलला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की आता कोणी बांधायचं नाही. त्यांना सुटल्यासारखं वाटलेलं दिसत होतं, आणि ते बघणं मला जड गेलं.

मग भाऊजींपाशी हट्ट धरला. आधी त्यांना तो विषय माझ्या तोंडून ऐकायलाच संकोच वाटला. जाऊबाई बोलल्यावर ते नरमले. पुढच्या हंगामाआधी मांगराच्या मागे जांभ्या दगडाचं एक संडासघर उभं राहिलं, कडीचं, पाण्याच्या पिंपासकट. बायका ते वापरतात, पाणीही पितात. मावशी मात्र परतल्या नाहीत. मी बोलवायला गेले होते. औषधांनी ताप गेला होता, चेहराही सुधारला होता. त्यांनी चहा केला, मुलीचं विचारलं, आणि जेटीवरच्या बायकांत आता रुळले आहे, परत नको, असं सांगितलं. ज्या घरानं एकदा नको म्हटलं तिथे जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

प्रबंधातलं आरोग्याचं प्रकरण मी काढून टाकलं. उरलेला भाग उन्हाचा आणि विजेचा, तो चांगला होता. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या एका बाईंनी विचारलं की सुरुवातीच्या आराखड्यात आरोग्याचा भाग होता, त्याचं काय झालं. मी उत्तर दिलं, सहभागी महिलांनी माघार घेतली. त्यांनी मान डोलावून पान उलटलं. वाक्य खरं होतं. तरी ते उच्चारताना मला माझीच लाज वाटली, कारण त्यात सगळा भार त्या बायकांवर गेला होता आणि माझ्यावर काहीच उरला नव्हता. आणखी चार वाक्यं बोलता आली असती. समोर घड्याळ होतं, पुढचे उमेदवार बाहेर बसले होते, आणि मला पदवी हवी होती.

या वर्षी फेब्रुवारीत मला एका अनोळखी बागायतदाराचा फोन आला. भाऊजींनी बागायतदारांच्या बैठकीत कौतुकानं माझ्या कामाचं सांगितलं होतं. कामाला घेण्याआधी कोण उन्हात टिकेल ते आधीच कळतं म्हणे, ते यंत्र त्यांना हवं होतं. मी त्यांना सांगितलं की ते तसं चालत नाही, त्यानं चूक केली होती. काय चूक झाली तेही सविस्तर सांगितलं, मावशींचं नाव न घेता. ते नम्रपणे ऐकत होते. माझं बोलणं संपल्यावर म्हणाले की ठीक आहे मॅडम, तुमच्याकडे नसेल तर पुण्याची एक कंपनी असलं काहीतरी विकते असं ऐकलंय, त्यांच्याकडे चौकशी करतो. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, ते गड्यांनाही बांधता येतं का.