वेरावळचा सूर्योदय

सकाळी साडेसातच्या सुमाराला विलासचा फोन आला. "मामा, आप्पा गेलं," एवढंच म्हणाला. विलास माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा मुलगा. आप्पा म्हणजे त्याचे वडील, आमचे दाजी. मी "निघतोच" म्हणालो, फोन ठेवला, खुर्चीत बसलो... आणि मला सुटल्यासारखं वाटलं. दुःख आलं नाही असं नाही, पण ते मागाहून आलं. माझं खोटं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ठाऊक असलेला एकच माणूस जगात आहे, अशी माझी समजूत होती, आणि तो माणूस आता काही बोलणार नव्हता. वास्तविक जिवंत असतानाही तो कधी बोलला नव्हता. कराडहून कवठे महांकाळला जायला कितीसा वेळ लागतो! गेली चार वर्षं दाजी तिथं आपल्या घरी होते, त्यातलं शेवटचं वर्ष अंथरुणाला खिळून होते, आणि मी एकदाही त्यांना बघायला गेलो नव्हतो. आक्काचा फोन आला की चौकशी करायचो आणि माझेच गुडघे दुखतात म्हणून सांगायचो. गुडघे माझे ठणठणीत आहेत.

दाजींचं नाव शिवाजी, पण आक्काच्या लग्नापासून आम्हा भावंडांना ते दाजीच. त्यांच्या गावातल्या पुष्कळ घरांसारखा त्यांच्याही घरात गलाईचा धंदा होता. सोनारांकडचं जुनं सोनं मुशीत आटवून, तेजाबात शुद्ध करून द्यायचं. शिवाय सोनाराच्या दुकानातला झाडलेला कचरा विकत घ्यायचा, तो जाळून, धुऊन, त्यातला सोन्याचा कण वेगळा काढायचा. दुष्काळी भागातली आमची ही माणसं या धंद्यापायी देशभर पांगली, कुणी केरळात तर कुणी बंगालात. दाजी सातवी झाल्यावर चुलत्याबरोबर सौराष्ट्रात वेरावळला गेले आणि म्हातारपणी दुकान विलासवर सोपवेपर्यंत तिथंच राहिले. आक्का इकडं सासू-सासरे आणि कोरडवाहू रान सांभाळत राहिली. वर्षाकाठी गावच्या जत्रेला दाजी पंधरा दिवस यायचे, आणि त्यातला एक दिवस हमखास कराडला आमच्याकडं असायचा.

सोनारांचा कचरा गोळा करायला दाजी गावोगाव हिंडत. कोडिनार, उना, जाफराबाद, महुवा, पार भावनगरजवळच्या घोघ्यापर्यंत... कधी एसटीनं, कधी ट्रकनं, कधी कुणाच्या होडीतून. काठेवाडचा सगळा किनारा त्यांच्या पायाखालचा होता. मी कराडला कॉलेजात भूगोल शिकवायचो. तिन्ही बाजूंनी पाण्यानं वेढलेल्या भूभागाला द्वीपकल्प म्हणतात, हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून देत होतो. स्वतः समुद्र पाहिला होता तो गणपतीपुळ्याला, सहलीच्या मुलांना पाण्यात जाऊ नका म्हणून ओरडता ओरडता. त्यामुळं दाजी आले की मी त्यांना सोडायचो नाही. तुमच्याकडं द्वीपकल्प कसं असतं ते सांगा, असं एकदा म्हणालो तर हसले. "पाव्हणं, तिन्ही अंगानं पाणी हाय, पर प्यायचं म्हनशीला तर आपल्या कवठ्यावानीच बोंब!"

पुढं मी त्यांना पत्रं लिहायला सांगितलं. त्यांचं अक्षर मोठं आणि वाकडं, र्‍हस्वदीर्घाशी उभा दावा. पण माणूस बघावं कसं आणि जागा बघावी कशी, हे मी त्या पत्रांतून शिकलो. घोघ्याला ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की मोठाली गलबतं चिखलात कलंडून बसतात, आणि भरती आली की आळस देऊन उठल्यासारखी उठतात. वेरावळचे खारवे, म्हणजे दर्यावर जाणारे लोक, पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून घेतात आणि मग दोन-तीन महिने गल्ल्यांतून नुसती भांडणं चालतात, कारण पुरुष घरी. गीरच्या कडेला सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, आणि म्हाताऱ्या बायका दाजींना अस्सल काठेवाडीत दटावतात की मराठा, तू वाळलास, जेवतोस की नाही? अशी कितीतरी पत्रं. मी ती पेटीत तारीखवार लावून ठेवली होती.

त्या पेटीतून माझं पुस्तक निघालं. या पुरवणीच्या वाचकांपैकी काहींनी ते वाचलं असेल. प्रकाशकांना हवं होतं प्रवासवर्णन. तुम्ही जाऊन आलाच असाल, असं ते म्हणाले आणि मी गप्प बसलो. जायचं ठरवलंही होतं. एका दिवाळीच्या सुट्टीत तिकीटही काढलं, मग पेपर तपासणीचं काम आलं म्हणून रद्द केलं. खरं सांगायचं तर कामापेक्षा आळस मोठा होता. दाजींच्या पत्रात 'मी' होताच. मला फक्त तो 'मी' आपला म्हणायचा होता. घोघ्याच्या चिखलात मी उभा राहिलो, खारव्यांच्या घरी मी जेवलो, सिद्दी म्हातारीनं मला दटावलं... लिहिताना इतका रंगलो की मी कराडच्या बाहेर पडलेलो नाही, हेही विसरून गेलो. प्रस्तावनेत बावीस जणांचे आभार मानले. दाजींचं नाव घातलं असतं तर पत्रांचं आलं असतं, पत्रांचं आलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं. म्हणून त्यांचं नाव नाही.

एक पत्र मात्र मी मुद्दाम वगळलं. सौराष्ट्रात गावाच्या शिवेवर पाळिया नावाचे दगड असतात, गाव राखताना मेलेल्या माणसांचे. घोडेस्वार कोरलेला, शेंदूर फासलेला. अशा एका दगडापुढं दाजींनी कुणाचा म्हणून विचारलं, तर तो मुलूखगिरीवर आलेल्या मराठी फौजेशी लढताना पडलेला निघाला. दगडाला दिवा लावणाऱ्या बाईनं विचारलं, तू कुठला? दाजींनी खरं ते सांगितलं, सातारा-सांगलीकडचा. बाईनं दिव्याची वात सारली आणि मग पाण्याचा लोटा पुढं केला. दाजींनी या एका लोट्यावर चार पानं लिहिली होती. आमच्याकडच्या वाचकाला रुचणार नाही, असं मी ठरवलं. पुस्तक वाचून झाल्यावर दाजींनी फोनवर एवढंच विचारलं, "त्यो दगुड न्हाई आला व्हय?" बाकी कशाबद्दल, आपल्या नावाबद्दलही, एक शब्द नाही.

अकरा वर्षांपूर्वी मे महिन्यात साताऱ्याला पुस्तकाचा कार्यक्रम झाला. दाजी त्यासाठी वेरावळहून दोन दिवसांचा प्रवास करून आले, गीरच्या केशर आंब्यांची पेटी घेऊन. पांढरा सदरा, पायजमा, डोक्याला टोपी. मी त्यांना मागच्या रांगेत बसवलं. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी आहेत म्हणालो... आणि त्यांनीही "व्हय व्हय" म्हणून मान डोलावली. भाषणं झाली, प्रश्नोत्तरं सुरू झाली, आणि एक निवृत्त सुभेदार उभे राहिले. नोकरीत काही वर्षं ते सौराष्ट्रात होते. पुस्तक उघडून म्हणाले, "सर, एक शंका हाय. वेरावळच्या बंदरावर समुद्रातनं सूर्य उगवताना बघितला, आसं तुमी लिवलंय. तितला दर्या मावळतीला हाय. तुमाला त्यातनं सूर्य उगवताना दिसला कसा?"

दाजींनी पत्रात लिहिलं होतं की सकाळी बंदरावर गेलो, दिवस उगवला, पाणी लालभडक झालं. सूर्य पाठीमागं जमिनीवर उगवला होता आणि त्याचं ऊन पाण्यावर पडलं होतं. मी तो उचलून समुद्रात बसवला. आयुष्यभर भूगोल शिकवला आणि एकदा नकाशाकडं बघायची बुद्धी झाली नाही! मी पुस्तकातलं ते पान काढून उगाच वाचत राहिलो. तेवढ्यात मागून आवाज आला.

"आवं सुभेदार सायेब, चूक माजी हाय." दाजी टोपी हातात घेऊन उभे होते. "सरांस्नी सकाळी घोघ्याला मीच न्हेलतं. तितं दर्या उगवतीला हाय. सर टिपणं काडायचं आन् मी ती नीट लावून ठिवायचो. माज्याच हातनं गावाचं नाव हिकडचं तिकडं झालं बगा."

सुभेदार हसले, "मग बरोबर हाय," म्हणून खाली बसले. मीही तेवढ्यावर थांबलो असतो तरी आज थोडं कमी टोचलं असतं. पण मला धीर आला होता. मी माईक जवळ ओढला आणि म्हणालो, "हे आमचे दाजी. गलाईवाले आहेत. सोनं ओळखतात, पण टिपणं त्यांच्या हाती दिली ही माझी चूक." सभागृह खळखळून हसलं. दाजीही हसले. सगळ्यांच्या मागून, सगळ्यात शेवटी. त्यांचं ते हसणं मी स्टेजवरून पाहिलं, आणि अजून पाहतो.

त्यानंतर मी त्यांना टाळायला लागलो. पत्रं लिहिणं बंद केलं. जत्रेला ते कराडला यायचे त्या दिवशी मला नेमकं बाहेरगावी काम निघायचं. दुसऱ्या आवृत्तीत वेरावळचं घोघा केलं, पण आभाराच्या पानाला हात लावला नाही. आपल्याला वाचवणाऱ्या माणसाचा इतका राग येऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. ते गावी कायमचे आले तेव्हा वाटलं, आता जावं, पाय धरावेत. मग वाटलं, पुढच्या महिन्यात जाऊ. असे चार वर्षांचे महिने गेले.

दहाव्याच्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. भावकी बसली होती, गावातले मास्तर होते, विलासचे धंद्यातले मित्र होते. वेरावळहून हरजीभाई नावाचे सत्तरीचे खारवे आले होते, दाजींचे तिथले शेजारी. विलासनं माझी ओळख करून दिली तशी त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "आप बापूभाई? शिवाभाई आप की बहुत बात करते थे. आप ग्यारह दिन हमारे वहां रहे, शिवाभाई ने सब दिखाया. मैं तब दरिये में था, मिलना नहीं हुआ."

सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत होते. म्हणजे दाजींनी एकदा साताऱ्यात सांगितलेलं खोटं तिकडंही नेऊन राखलं होतं... कधी कुणी वेरावळकर इकडं आला, कुणी पुस्तकाचं नाव काढलं, तर मी उघडा पडू नये म्हणून. मास्तरांनी माझं पुस्तक आणलेलं होतं, ते हरजीभाईंच्या पुढं धरलं. मला नुसती मान हलवायची होती. मान हलवण्यात मी चांगला तयार आहे. पण समोर दाजींचा हार घातलेला फोटो होता, टोपीतला, आणि माझ्याच्यानं ते झालं नाही. "हरजीभाई," मी म्हणालो, "मैं कभी आया ही नहीं. सब शिवाभाई का लिखा हुआ है." मग तेच मराठीत भावकीकडं वळून सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

हरजीभाईंनी हात सोडला नाही. "मालूम है," म्हणाले. "गलाईवाले के घर मेहमान आए और हमारी गली को पता न चले, ऐसा होता है क्या? पर शिवाभाई आप की बात करते तो बहुत राजी, बहुत खुश होते थे. तो हम भी हां बोलते थे."

मी आक्काकडं पाहिलं. तिनं पदर डोळ्यांना लावला होता. "मलाबी ठावं हुतं रं बापू," ती म्हणाली. "तू लाजशील म्हनून कुनी बोललं न्हाई." इतकी वर्षं मी एका माणसापासून तोंड लपवत होतो, आणि इकडं एक अख्खी गल्ली मला सांभाळून घेत होती.

दुसऱ्या दिवशी दाजींची खोली आवरताना आक्कानं भिंतीवरची दिनदर्शिका काढली. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं दोन वेळा लिहिलेल्या होत्या. वेरावळच्या भरतीच्या. तिथीवरून हिशेब करून, डिसेंबरपर्यंतच्या, वर्ष सुरू होतानाच लिहून ठेवलेल्या. ज्या गावात टँकरची वाट बघत दिवस जातो, तिथं हा माणूस रोज, अंथरुणात पडल्या पडल्याही, समुद्र भरला की ओसरला ते बघत होता. दिवाळीच्या सुट्टीत एका चौकोनात भरतीच्या वेळेखाली त्याच वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'बापू.' मी आक्काला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "दर साली लिवायचं. म्हनायचं, औंदा सुट्टीत बापूला दावून आनतो." मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. सुट्टी संपायचा प्रश्नच नव्हता.

ती दिनदर्शिका आता माझ्या खोलीत आहे. सकाळी चहा घेताना मी त्या दिवशीची वेळ वाचतो. आज सव्वादहाला भरती आहे. वेरावळला मी अजून गेलेलो नाही.